पाचातल्या एकाला हर्पीस? मग पुण्यातल्या तरुणांत किती?

डिसेंबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक अंदाज जाहीर केला. जगात १५ ते ४९ या वयातल्या ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियाच्या हर्पीसची लागण आहे, म्हणजे या वयातल्या पाच जणांत एकाहून थोडे जास्तच. असा आकडा बातमीतून रीलवर आणि रीलवरून ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. तिथे पोहोचेपर्यंत ‘जगात’ हा शब्द गळतो, ‘अंदाज’ गळतो, आणि उरतं ते एवढंच: पाचातल्या एकाला आहे, तुमच्या फ्लॅटमध्ये कितीजण राहता?

पुण्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. कर्वेनगरच्या कॉट बेसिसपासून वाकड-हिंजवडीच्या भाड्याच्या टू बीएचकेपर्यंत, घरापासून लांब राहणारी विशी-पंचविशीतली मुलंमुली या शहरात भरपूर आहेत. त्यांची नाती जुळतात, मोडतात, आणि शंका आली तर विचारायला घरातलं कुणी नसतं. असतं तरी विचारवत नाही. मग पाचातल्या एकाचा हिशेब जो तो आपापल्या मनात करत बसतो.

तो आकडा खोटा नाही. पण त्याला पुण्यातल्या चोविशीच्या मुलावर किंवा मुलीवर सरळ चिकटवणं चूक आहे. का, ते पाहू.

आधी विषाणूची ओळख

हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. टाइप १ बहुतेक वेळा तोंडाला होतो. ताप येऊन गेला की ओठाच्या कोपऱ्यावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो आणि घरातली मोठी माणसं ‘ताप बाहेर पडला’ म्हणून सोडून देतात, तो बहुधा हाच. पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात टाइप १ आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्यांच्या लाडाच्या पाप्यांमधून मिळालेला असतो. टाइप २ मात्र जवळपास नेहमी लैंगिक संबंधांतूनच येतो आणि कमरेखाली राहतो.

पाठीवर किंवा छातीवर पट्ट्यासारखी उठणारी नागीण या दोन्हींहून वेगळी. तिचा विषाणू कांजिण्यांचा. तिच्या ‘हर्पीस झोस्टर’ या वैद्यकीय नावात ‘हर्पीस’ आल्यामुळे इंटरनेटवर शोधताना घोळ होतो, इतकंच.

टाइप १ कमरेखालीही होऊ शकतो, तोंडाने केलेल्या संभोगातून. हे लक्षात ठेवा, कारण ८४ कोटींच्या आकड्यात त्याचा मोठा वाटा आहे.

विषाणू त्वचेतून आत शिरला की तिथल्या नसेतून वर चढतो आणि पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गाठीत जाऊन बसतो. तिथून त्याला हुसकावता येत नाही. तो गप्प असतो तेव्हा तिथे काहीच करत नाही. अधूनमधून जागा झाला की त्याच नसेवरून पुन्हा त्वचेपर्यंत येतो. पहिल्या वेळचा त्रास काहींना जबर होतो: ताप, जांघेत गाठी, लघवी करताना आग, फोड फुटून झालेल्या दुखऱ्या जखमा, आणि पूर्ण बरं व्हायला दोन ते चार आठवडे. पुढच्या खेपा सौम्य आणि छोट्या असतात. टाइप २ असेल तर पहिल्या वर्षात सरासरी चार वेळा उलटतो, टाइप १ साधारण एकदा. वर्षं जातात तशा खेपा कमी होत जातात.

इतक्यांना आहे तर कळत कसं नाही?

वर लिहिलेलं वर्णन वाचून ‘असं काही झालं असतं तर लक्षात आलंच असतं’ असं वाटेल. पण हे पुस्तकातलं वर्णन थोड्यांच्याच वाट्याला येतं. अमेरिकेत २०१५-१६च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत रक्ताचे नमुने तपासले तेव्हा १४ ते ४९ वयातल्या ११.९ टक्के लोकांना टाइप २ची लागण झालेली आढळली. याच पाहणीच्या आधीच्या फेऱ्यांतून दिसलं होतं, की टाइप २ असलेल्या शंभरातल्या ८७ जणांना कुठल्याही डॉक्टरने कधीच तसं निदान सांगितलेलं नव्हतं. जागतिक अंदाजातही हेच दिसतं. लागण ८४ कोटी ६० लाखांना, पण २०२० या वर्षात एकदा तरी फोड-जखमांचा त्रास झाला तो सुमारे २० कोटी ५० लाखांना. चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

बाकीच्यांना काय होतं? कुणाला काहीच नाही. कुणाला दोन दिवस खाज, एखादी बारीक चीर, एखादा फोड. मे महिन्यात दुपारी कात्रजहून हिंजवडीला दुचाकीवर जाणाऱ्याला मांडीत पुरळ उठलं तर तो घामाला दोष देतो. दाढीच्या ब्लेडने केस काढलेले असले तर ब्लेडला. मुलींना सॅनिटरी पॅडची ॲलर्जी वाटते किंवा बुरशीचा संसर्ग. मग मेडिकलवाल्याला दबक्या आवाजात विचारून एक ट्यूब आणली जाते. आपल्याकडच्या या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. हर्पीसवर यातलं काहीच चालत नाही, पण चार-पाच दिवसांत जखम आपली आपणच सुकते आणि श्रेय ट्यूबला जातं.

माझ्या मते या आजाराच्या मोजणीतली खरी अडचण हीच आहे. लोक लपवतात हा भाग आहेच, पण त्यांना मुळात ठाऊकच नसतं हा त्याहून मोठा भाग. दवाखान्यांच्या नोंदी कितीही चाळल्या तरी ही माणसं त्यात सापडणार नाहीत.

मग हा आकडा येतो कुठून?

रक्तातून. विषाणू शरीरात आला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी नावाची प्रथिनं बनवतं आणि ती वर्षानुवर्षं रक्तात राहतात. पाहणीत लोकांच्या रक्तातली ही अँटिबॉडी शोधतात. ती सापडली म्हणजे लागण कधीतरी झाली होती, आणि हर्पीस एकदा आला की जात नसल्यामुळे, आजही आहे. निरनिराळ्या देशांतल्या अशा पाहण्या गोळा करून, त्यांना वय आणि प्रदेशानुसार गणिती साच्यात बसवून जागतिक अंदाज काढला जातो.

आता ८४ कोटी ६० लाख उघडून पाहू. त्यात टाइप २चे सुमारे ५२ कोटी. जननेंद्रियाच्या टाइप १चे सुमारे ३७ कोटी ६० लाख. यातल्या ५ कोटी लोकांना दोन्ही आहेत, त्यांना एकदाच धरायचं. म्हणजे लोक ‘जननेंद्रियाचा हर्पीस’ म्हणताना ज्या टाइप २चा विचार करतात तो जगात या वयातल्या साधारण १३ टक्के लोकांना आहे. आठात एक म्हणा. पाचात एक होतो तो टाइप १ची भर घातल्यावर.

आणि ही भर सगळीकडे सारखी पडत नाही. लहानपणीच तोंडाला टाइप १ होऊन गेलेला असेल, तर शरीर त्या प्रकाराला ओळखून असतं आणि मोठेपणी तोच प्रकार कमरेखाली नव्याने होण्याची शक्यता फारच कमी होते. भरल्या घरात, एका ताटात जेवत वाढलेल्या पिढ्यांना हे कवच नकळत मिळालं. श्रीमंत देशांत ते विरत चाललंय. अमेरिकेत १४ ते १९ वयातल्या मुलांमध्ये टाइप १चं प्रमाण १९९९-२००४ या काळात ३९ टक्के होतं, ते २००५-१० पर्यंत ३० टक्क्यांवर आलं. म्हणजे जास्त मुलं टाइप १ न होताच विशीत पोहोचतात, आणि मग तो त्यांना पहिल्यांदा भेटतो तो ओठावर नव्हे, कमरेखाली. बाणेर-औंधच्या चौकोनी कुटुंबातल्या मुलांचं बालपणही त्याच वळणावर चाललंय, असं मला दिसतं.

तरुणांचा आकडा सगळ्यांच्या आकड्याहून लहान असतो

हर्पीस साचत जातो. लागण झालेला माणूस मोजणीतून कधी बाहेर पडत नाही, आणि दरवर्षी नवे येऊन मिळतात. त्यामुळे वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. अमेरिकेच्या २०१५-१६च्या त्याच पाहणीत टाइप २चं प्रमाण १४ ते १९ वयात ०.८ टक्के, विशीत ७.६, तिशीत १३.३ आणि चाळिशीत २१.२ टक्के होतं. सरासरी ११.९. म्हणजे विशीतल्या मुलाला सरासरी आकडा सांगितला तर त्याला दीडपट घाबरवल्यासारखं होतं, आणि त्याच्या चाळिशीतल्या साहेबांना फुकटचा दिलासा दिल्यासारखं.

मात्र प्रमाण कमी म्हणजे धोका कमी, असा अर्थ काढू नका. साचलेला आकडा लहान असला तरी त्यात नवी भर पडते ती मुख्यतः याच वयात, कारण नवे संबंध याच वयात जुळतात.

स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळलं: १५.९ विरुद्ध ८.२ टक्के. याला वागणुकीचा रंग देण्याआधी शरीररचना पाहावी. पुरुषाकडून स्त्रीला लागण होणं उलट दिशेपेक्षा सोपं असतं. जिचा आयुष्यात एकच जोडीदार, तो म्हणजे नवरा, अशा बाईलाही हर्पीस होतो. तिच्या वाट्याला प्रश्न मात्र तिच्याच चारित्र्याचा येतो.

पण पुण्यात तर ४३ टक्के सापडले होते ना?

हो, सापडले होते. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, सगळ्यांच्या तोंडी ‘नारी’, १९९२मध्ये सुरू झाली. नव्वदच्या दशकात या संस्थेने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या लोकांचा दीर्घ अभ्यास केला. त्यातून २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, एचआयव्ही नसलेल्या अडीच हजारांहून जास्त लोकांपैकी ४३ टक्क्यांच्या रक्तात टाइप २च्या अँटिबॉडी सापडल्या होत्या.

मोठा आकडा आहे. पण तो कुणाचा? गुप्तरोगाची तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी चढलेल्या पुरुषांचा, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा. स्वारगेटजवळच्या एखाद्या गॅरेजसमोर उभं राहून ‘पुण्यातल्या किती दुचाक्या बिघडल्यात’ हे मोजायला गेलात तर शहरातली निम्मी वाहनं बंद पडलीत असं वाटेल. गॅरेजवाल्याची नोंद चोख असते, तो खोटं बोलत नाही. फक्त चालत्या गाड्या त्याच्याकडे येत नाहीत. ४३ टक्के हा गॅरेजमधला आकडा आहे, लक्ष्मी रस्त्यावरचा नाही. आणि तो तीस वर्षांपूर्वीच्या पुण्याचा आहे, ज्यात हिंजवडीत शेतं होती.

दुसऱ्या टोकाला एक पाहणी आहे ती लोकांच्या घरी जाऊन केलेली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतीय पुरुषांनी आयुष्यातले जोडीदार सरासरी २.१ सांगितले, स्त्रियांनी १.७. घरी आलेल्या पाहणी करणारीला सगळेच खरं सांगतात असं नाही, तरी यावरून एवढं दिसतं की दवाखान्यातली गर्दी आणि शहरातली वस्ती यांची राहणी एक नाही.

मग त्या पुण्याच्या अभ्यासाचा उपयोग काय? भरपूर, आणि तो आकड्यापलीकडचा आहे. ज्यांना टाइप २ची लागण नुकतीच झाली होती, त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका टाइप २ नसलेल्यांच्या तुलनेत ३.८ पट दिसला. जुनी लागण असलेल्यांत तो सुमारे १.७ पट होता. कारण सरळ आहे. हर्पीसच्या जखमेतून एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते, आणि एचआयव्ही ज्या पेशींवर हल्ला करतो नेमक्या त्याच पेशी हर्पीसशी लढायला तिथे जमलेल्या असतात. वरची कातडी भरून आल्यावरही त्या बराच काळ तिथे रेंगाळतात. म्हणून हर्पीसचं निदान झालं तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. ‘किती टक्के’ यापेक्षा हा निष्कर्ष पुण्याने जगाला दिला, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

सरळ रक्त तपासून घेतलं तर?

घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या पॅकेजमध्ये हर्पीसची चाचणी हल्ली सहज मिळते. तिचा रिपोर्ट कसा असतो? ‘एचएसव्ही-२ आयजीजी: १.६’. एचएसव्ही-२ म्हणजे हर्पीसचा टाइप २, आणि आयजीजी हा रक्तात टिकून राहणाऱ्या अँटिबॉडीचा प्रकार. शेजारी बारीक अक्षरात: ०.९ पेक्षा कमी निगेटिव्ह, ०.९ ते १.१ संदिग्ध, १.१ पेक्षा जास्त पॉझिटिव्ह. आणि १.६ ठळक छापलेलं. रात्री अकराला पीडीएफ फोनवर येते, आणि ज्याला कधी एक फोडही आलेला नाही तो सकाळपर्यंत छताकडे बघत पडतो.

या १.६चा अर्थ काय? मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या अशा चाचण्यांत १.१ ते २.९ या पट्ट्यात आलेले बरेचसे पॉझिटिव्ह निकाल पक्क्या चाचणीने पुन्हा तपासल्यावर खोटे निघालेले आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत हा इशारा स्पष्ट दिला आहे, आणि असे निकाल दुसऱ्या पद्धतीने पडताळून पाहायला सांगितलं आहे.

चाचणी याहून बरी असली तरी गणित सुटत नाही. समजा, एक हजार तरुण आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर टाइप २ आहे. चाचणी शंभरातल्या ९५ वेळा बरोबर सांगते असं धरू. ५० पैकी ४७-४८ जण ती पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी पाच टक्के, म्हणजे तेही ४७-४८ जण, ती चुकून पॉझिटिव्ह दाखवेल. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलेले एकूण साधारण ९५, आणि त्यातल्या निम्म्यांना काहीच झालेलं नाही. आजार समाजात जितका विरळ, तितका खोट्या घंटेचा वाटा मोठा. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती गटाने २०१६मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये सांगितलं, की लक्षणं नसलेल्या तरुणांची आणि गरोदर स्त्रियांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये.

आणखी दोन गोष्टी रिपोर्ट वाचताना ध्यानात ठेवाव्यात. टाइप १ची आयजीजी पॉझिटिव्ह आली तर विषाणू ओठावर आहे की खाली, हे ती सांगत नाही. आपल्याकडे ती बहुतेक मोठ्या माणसांत पॉझिटिव्हच येणार. आणि आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची चाचणी ‘नुकती लागण’ ओळखते असं सांगून विकली जाते, ते खरं नाही. जुना आजार उलटला तरी ती पॉझिटिव्ह येते, आणि दोन प्रकारांतला फरकही तिला धड कळत नाही. गरोदरपणात सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या ‘टॉर्च’ चाचणीत हीच आयजीएम असते आणि तिने किती घरांत विनाकारण रडारड केली असेल, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

फोड किंवा जखम असताना मात्र गोष्ट वेगळी. ताज्या फोडातला स्वॅब घेऊन पीसीआर केली तर विषाणू आहे का आणि कोणत्या प्रकारचा, दोन्ही कळतं.

‘आम्ही दोन वर्षं एकत्र आहोत, मग आता कुठून आला?’

समुपदेशकाच्या टेबलासमोर सगळ्यात जड प्रश्न हा असतो. एकाला फोड आले, निदान झालं, आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला: आपल्यात तर तिसरं कुणी नव्हतं, म्हणजे तू.

हर्पीसच्या बाबतीत हा हिशेब मांडताच येत नाही. लागण झाल्यावर पहिला ठळक त्रास काही दिवसांत होऊ शकतो, काही वर्षांनीही होऊ शकतो. आधी झालेला त्रास इतका किरकोळ असू शकतो, की तो घामोळं म्हणून विसरला गेला. किंवा आज ज्याला काहीच नाही त्याच्याकडेच तो आधीपासून असेल आणि त्याला त्याचा पत्ता नसेल. आज उठलेल्या फोडावरून लागण कोणत्या वर्षी झाली, कोणाकडून झाली, हे कुठलीही लॅब सांगू शकत नाही. भांडायचंच असेल तर दुसरा विषय शोधा.

काहीच लक्षण नसताना विषाणू पसरतो कसा, याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी टाइप २ असलेल्या सुमारे ५०० लोकांना रोज घरी स्वॅब घ्यायला सांगितले. त्याचे निकाल २०११मध्ये आले. ज्यांना कधीकधी फोड येत, त्यांच्या त्वचेवर साधारण २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधीच काही झालं नव्हतं, त्यांच्यातही १० टक्के दिवशी. दहातला एक दिवस, न सांगता, न दिसता. पाचातल्या एकापर्यंत हा विषाणू पोहोचला तो याच दिवसांच्या जोरावर.

कंडोम वापरूनही होतो, मग वापरायचा कशाला?

कंडोम झाकतो तेवढीच त्वचा वाचते, आणि हर्पीस जांघेतून, वृषणाच्या पिशवीवरून, योनीच्या बाहेरच्या भागावरूनही येऊ शकतो. म्हणून एचआयव्हीपासून कंडोम जेवढा वाचवतो तेवढा इथे वाचवत नाही. पण धोका कमी करतो, स्त्रियांचा तर खूपच. फोड असताना किंवा फोडाआधीची चुणचुण सुरू झाल्यावर संबंध टाळणं हा दुसरा उपाय. तिसरा औषधाचा: २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्यातल्या एकालाच टाइप २ होता अशा १,४८४ जोडप्यांमध्ये लागण असलेल्याने व्हॅलासायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध रोज घेतल्यावर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं.

हॉस्टेलचं कमोड, पोहण्याचा तलाव, कपडे एकत्र धुणं, यातून हर्पीस होत नाही.

लग्नाचं काय? मुलाचं?

पत्रिकेबरोबर मेडिकल रिपोर्टही पाहण्याची पद्धत पुण्यातल्या सुशिक्षित घरांत रुजतेय. चांगलं आहे, पण त्यात हर्पीसची रक्तचाचणी घालू नये. का, ते वरच्या गणितात आलंच. ज्याला फोड येऊन, स्वॅब होऊन पक्कं निदान झालंय, त्याने मात्र संबंध येण्याआधी जोडीदाराला सांगावं. अवघड आहे, मान्य. पण नंतर कळण्यापेक्षा सोपं आहे.

हर्पीसने वंध्यत्व येत नाही. भीती असते ती बाळंतपणात बाळाला लागण होण्याची. ती फार क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतते. जगात दर लाख जन्मांमागे अशी सुमारे दहा बाळं असतात. इथे अनेकांना उलटं वाटतं: जुना हर्पीस असलेल्या बाईला जास्त धोका. प्रत्यक्षात जुना असेल तर आईच्या अँटिबॉडी बाळाला मिळालेल्या असतात आणि धोका एक टक्क्याहून कमी राहतो. खरा धोका, ३० ते ५० टक्के, पहिली लागण बाळंतपणाच्या तोंडावर झाली तर. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत नवऱ्याच्या ओठावरचा किंवा खालचा फोड हलक्यात घेऊ नये, आणि आपल्याला हर्पीस आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावं. ३६व्या आठवड्यापासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करता येतात. कळा सुरू होताना जखमा असतील तर सिझेरियन करतात. नसतील तर त्याची गरज नाही.

बरा होत नाही, मग डॉक्टरकडे जाऊन काय करायचं?

विषाणू जात नाही, त्रास जातो. ॲसायक्लोविर हे औषध मोठं हुशार आहे. ते गोळीत असतं तेव्हा निष्क्रिय असतं. विषाणूने पछाडलेल्या पेशीत विषाणूचं स्वतःचं एक एन्झाइम त्याला जागं करतं आणि मग ते विषाणूची नवी प्रत बनणं मध्येच तोडतं. निरोगी पेशींत ते एन्झाइमच नसल्यामुळे त्यांना फारसा धक्का लागत नाही. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८मध्ये नोबेल मिळालं. गोळी घ्यावी लागते. याच नावाच्या मलमाचा इथे जवळपास काही उपयोग नाही. वारंवार त्रास होणाऱ्याला रोजची कमी मात्रा देतात आणि खेपा पुष्कळ कमी होतात.

लस अजून नाही. सप्टेंबर २०२४मध्ये जीएसके कंपनीने आपल्या हर्पीस लशीचं काम पुढच्या टप्प्याला न्यायचं नाही असं जाहीर केलं, कारण अपेक्षित परिणाम दिसला नाही. त्यामुळे भिंतीवर किंवा यूट्यूबवर ‘हर्पीस मुळापासून बरा, गुप्तता राखली जाईल’ असं वाचलंत तर पैसे खिशातच ठेवा. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिराती करायला १९५४च्या चमत्कारी उपचारविरोधी कायद्याने बंदीच आहे, ही गोष्ट जाहिरात करणाऱ्याला बहुधा माहीत असते.

पुण्यात जायचं कुठे

त्वचारोगतज्ज्ञाकडे. आपल्याकडे गुप्तरोग हा त्यांच्याच शिक्षणाचा भाग असतो. स्त्रीरोगतज्ज्ञही चालतात. फुकट उपचार हवे असतील तर ससूनमध्ये त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने दवाखाने चालतात. तिथे लक्षणांनुसार रंगांचे औषधसंच ठरलेले असतात: स्रावाला करडा, साध्या जखमेला पांढरा, हर्पीसला लाल. लाल संचात ॲसायक्लोविरच्या ४०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या असतात, दिवसातून तीन, सात दिवस. रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता, जखम पाहून हा संच हाती देतात. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी तिथेच होते. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

जाताना एकच करा: उशीर करू नका, आणि आधी कुठलीही ट्यूब लावू नका. फोड ताजा असतानाच स्वॅबमध्ये विषाणू सापडायची शक्यता जास्त, साधारण पहिल्या दोन दिवसांत. पहिल्या वेळच्या त्रासात गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. खपली धरल्यावर गेलात तर डॉक्टरांना फक्त खपली दिसेल, आणि स्वॅब निगेटिव्ह आला तरी त्यावरून हर्पीस नाही असं त्यांना म्हणता येणार नाही.